अंजिराची खोली

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही असं आमच्या घरात ठरलं आहे. ठरलं तेव्हा सगळे हजर होते आणि मीसुद्धा मान हलवली होती. पण मान हलवणं ही माझी सवयच आहे. वर्गातही मी अशीच हलवते आणि मग उगाच फळ्यापुढे जाऊन उभं राहावं लागतं. शिवाय लिहिण्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

गोष्ट बाबांची आहे. त्यात एक मुलगी येते. ती मीच, पण 'मी' लिहायला लागलं की माझा हात अडतो, म्हणून तिला मुलगीच म्हणते. तशीही ती कडेकडेनेच वावरते.

तर बाबा शीतगृहात काम करतात. लांबच लांब खोल्या, त्यात मटार, लोणी, सफरचंदांची खोकी, आणि प्रत्येक खोलीला वीतभर जाडीचं दार. दार नीट लागलं आहे ना आणि आतल्या थर्मामीटरचा काटा जिथल्या तिथे आहे ना, एवढं बघण्याचा त्यांना पगार मिळतो. ऐन उन्हाळ्यात सगळं जग पंख्याखाली बसलेलं असतं तेव्हा बाबा कानटोपी शोधत असतात. थंडी या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं मत आहे. (बाकीच्या विषयांत आई शिकवते.)

आई शिवणकाम करते. तिचं मशीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात आहे. कुणाला अंघोळीला जायचं असेल तर आधी आईला कोपर आत घ्यायला सांगावं लागतं. गिऱ्हाईक फ्रिजच्या आडोशाला उभं राहून माप देतं. एकदा पिठाच्या डब्यात टाचणी निघाली, तेव्हा आईने ती टाचणी धुतली, उशीत खोचली आणि मागच्या अंगणात जाऊन दोन्ही भिंतींकडे बराच वेळ बघत राहिली.

अंगणाला दोन भिंती आहेत. एक सावलीची, कायम ओलसर, शेवाळलेली. दुसरीवर सकाळपासून ऊन असतं. त्या उन्हाच्या भिंतीला बाबांचं अंजिराचं झाड होतं.

झाड म्हणायचं ते बाबांच्या समाधानासाठी. दर हिवाळ्यात ते थंडीने वरपासून खालपर्यंत करपायचं. दर वसंतात बुंध्यापाशी नव्याने फुटायचं, उन्हाळाभर जिवाच्या आकांताने वाढायचं, हिरवी गोटीएवढी अंजिरं धरायचं, आणि ती पिकायच्या आत पुन्हा थंडी यायची. मधल्या काळात मुंग्या यायच्या, खोडाला खवल्यांसारखे तपकिरी किडे चिकटायचे, पक्षी यायचे. आजवर त्या झाडाचं एकच अंजीर पिकलं होतं. त्यातलं अर्धं पाखराने खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्याचे बाबांनी सुरीने तीन भाग केले होते.

"वसंत लागला की गवंडी येणार आहे," एका सकाळी आई म्हणाली. "उन्हाच्या भिंतीला एक खोली काढायची. माझ्या मशीनला."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "उन्हाच्या भिंतीला अंजीर आहे."

"काठी आहे, अहो. अंजीर तुमच्या मनात आहे."

"सावलीच्या भिंतीला बांध ना खोली."

"तिथे भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. सुई धरायची बोटं आहेत ही, मटार नाहीत."

मग बाबांनी एक हिवाळा मागितला. फक्त एक. यंदा झाड वाचवून दाखवतो म्हणाले.

आईने दोरा दातांनी तोडला. "ठीक आहे. गवंडी येईल त्या दिवशी झाडाला पानं असली तर झाड राहील, आणि मी जन्मभर न्हाणीघराच्या दारात शिवत बसेन. पण पानं वरच्या फांद्यांना हवीत. बुंध्यातनं फुटलेली चालणार नाहीत. नसली तर झाड जाईल."

"कबूल," बाबा म्हणाले. ('कबूल' हा शब्द बाबा विचार करण्याच्या आधी वापरतात.)

आता उन्हाच्या भिंतीपलीकडे बाई राहतात. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बाबा लहानपणी त्यांच्याच वर्गात होते, आणि दोघेही ते विसरलेले नाहीत. बाईंच्या अंगणातही अंजीर आहे, आणि ते दरवर्षी पोटभर फळतं. थंडी पडायला लागली की बाई झाडाच्या फांद्या दोरीने एकत्र बांधतात, भोवती गोणपाट गुंडाळतात, आत वाळका पालापाचोळा कोंबतात आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वर बादली पालथी घालतात. लांबून बघितलं तर बादली घालून कुणी लपंडाव खेळतंय असं वाटतं.

"गोणपाट आणलंस का रे?" बाईंनी भिंतीवरून विचारलं.

"गोणपाट नको, बाई. शास्त्रशुद्ध करणार आहे यंदा. थंडी हा माझा विषय आहे."

"तुझा कुठलाच विषय नव्हता रे," बाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. निकाल सांगावा तसं त्या म्हणाल्या.

त्या वाक्यामुळे पुढचं सगळं झालं, असं मुलीचं मत आहे. कारण बाबा त्याच आठवड्यात शीतगृहाच्या मॅनेजरांना भेटले. तिथल्या एका जुन्या खोलीच्या भिंती बदलत होत्या. बाहेरून पत्रा, आत जाड फोम, अशी ती पॅनेलं भंगारात जायची होती. मॅनेजर म्हणाले, न्या. बाबांनी पॅनेलं आणली, छताचा तुकडा आणला, आणि शेवटी एक दारही आणलं, ज्याला बघायला वाटीएवढी काच होती.

मग तयारी सुरू झाली. बाबांनी झाडाच्या फांद्या छाटल्या, बांधल्या. खोडाला चुना लावला. झाडाभोवती पाण्याची पिंपं भरून ठेवली, कारण पाणी ऊब धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं, असं त्यांना पक्कं माहीत होतं. फक्त दाराची रबरी पट्टी यायची राहिली होती. आई म्हणाली, तोवर नुसती पॅनेलं लावून घ्या की. बाबा म्हणाले, पट्टीशिवाय दार लावणं म्हणजे बटणाशिवाय सदरा घालणं. आई म्हणाली, गारठ्यात माणूस बिनबटणांचासुद्धा घालतो. पण बाबांनी पट्टीची वाट बघितली.

पट्टी आली त्या सकाळी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. नळ गोठले होते. पिंपांतल्या पाण्यावर बर्फाची जाड साय धरली होती. बाबांनी तोंडातून वाफा सोडत पॅनेलं उभी केली, फटी फोमने बुजवल्या, वरून टेप मारला, छत बसवलं, आत थर्मामीटर टांगला आणि दार लावलं. दार लागताना 'थप्प' असा जड, समाधानी आवाज झाला. बाबांनी पत्र्यावर थाप मारली.

"आता आत ना थंडी शिरणार, ना किडा."

मुलगी तिथेच पेचकस धरून उभी होती. आतल्या थंडीचं काय, असा एक प्रश्न तिच्या मनात आला होता. पण बाबा इतके खूश दिसत होते की तिने तो गिळला.

सगळा हिवाळा बाबा रोज कामावर जाताना आणि आल्यावर काचेला डोळा लावायचे. काटा शून्यावर होता. बाहेर त्याहून कितीतरी कडाका पडला तरी काटा शून्यावर. बाबांचे सहकारी चहाला आले तेव्हा त्यांनाही एकेक करून काचेतून बघायला लावलं. "बघा, तसूभर हलला नाही," बाबा म्हणायचे, आणि ती सगळी शीतगृहातलीच माणसं असल्यामुळे त्यांना काटा न हलण्याचं मोल माहीत होतं. एकाने तर आपली टोपी काढली. काटा कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. तो हलत नाही एवढ्यावर सगळे खूश होते.

मग हिवाळा सरला. स्वेटर कपाटात गेले. बाईंनी बादली उतरवली, गोणपाट सोडलं, आणि झाड दोरीतून सुटल्यावर आळस दिल्यासारखं पसरलं. थोड्याच दिवसांत त्याच्या टोकांना हिरवे कोंब दिसायला लागले.

बाबांचा काटा शून्यावर.

"कमाल आहे," बाबा जेवताना म्हणाले. "बाहेर एवढी ऊब आली, पण आत काही फरक नाही. याला म्हणतात बांधणी."

आई भाजीत मीठ घालत होती. हल्ली ती लोण्याचा डबा त्या खोलीत दारापाशी ठेवते, हे मुलीने बघितलं होतं.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "मग झाडाला वसंत आल्याचं कळणार कसं?"

बाबांचा घास हातातच राहिला. तो किती वेळ राहिला हे मुलीने मोजलं नाही, पण भाजी वाढून झाली, आईचं पाणी पिऊन झालं, तरी तो तिथेच होता. मग बाबा उठले आणि उष्ट्या हातानेच अंगणात गेले.

दार उघडल्याबरोबर पायांवर थंडी आली. आत हिवाळा जसाच्या तसा होता. पिंपांत बर्फाचे ठोकळे उभे होते. छताच्या कडेला हिमाची नक्षी होती. आणि मध्ये झाड होतं, बांधलेलं, चुना फासलेलं, जुन्या खराट्यासारखं. कोंब नाही, डोळा फुगलेला नाही, काही नाही. बाहेर अंगणात फुलपाखरू उडत होतं. बाबांच्या तोंडातून वाफ येत होती.

"मी त्याला साठवून ठेवलं," बाबा म्हणाले.

मग भानावर आल्यासारखे त्यांनी पाठीमागे दार लावून घेतलं, कारण उघडं दार त्यांना बघवत नाही. नंतर त्यांच्या लक्षात आलं की ते उघडंच ठेवायला हवं, म्हणून पुन्हा उघडलं.

गवंडी त्याच आठवड्यात येणार होता. बाबांनी रजा घेतली. (आजारपणाची. ती खोटी नव्हती. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.) बर्फाची पिंपं त्यांनी ढकलत बाहेर काढली. ऊन यावं म्हणून खोलीचं छत उतरवलं. फांद्या सोडल्या. गरम पाण्याच्या पिशव्या बुंध्याशी ठेवल्या. आईचा हेअर ड्रायर लांब वायर लावून आणला आणि एकेका फांदीवरून फिरवला, जणू झाड न्हाऊन आलं होतं. स्वतःचा मफलर खोडाला गुंडाळला. झाड ढिम्म.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी आई कापड आणायला बाजारात गेली. बाबा मुलीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत अंजिराची छोटी छोटी, नुकती उमललेली पानं.

"ही कुठून आणली?" मुलीने विचारलं.

"बाईंकडून. म्हटलं, तुमच्या पानांवर कीड दिसतेय, तपासून देतो."

"होती?"

"काही नव्हती. फार निरोगी आहेत." बाबांनी वाटीकडे दुःखाने बघितलं. "तुला बारीक टाका घालता येतो ना?"

मुलीला बारीक टाका घालता येतो. काज, बटणं, हात शिलाई, सगळं आईने शिकवलं आहे. बाबांना काय हवं आहे ते तिला लगेच कळलं, आणि ते चूक आहे हेही कळलं. मान हलवायची नाही असं तिने ठरवलं.

तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला बसले. "मी दिवसभर जे सांभाळतो ना," ते म्हणाले, "ते सगळं निपचित पडलेलं असतं. मटार काल होता तसाच आज. काही झालं नाही तर साहेब शाबासकी देतात. इतकी वर्षं मला काही न होण्याची शाबासकी मिळते आहे. वाटलं होतं, घरी एक तरी गोष्ट वाढताना बघावी."

मुलीने मान हलवली.

तिने आईच्या डब्यातून हिरवा दोरा घेतला आणि सगळ्यात बारीक सुई. झाडापाशी स्टूल मांडून ती शिवायला बसली. बाबा सुईत दोरा ओवून द्यायचे (चार वेळा प्रयत्न केल्यावर) आणि वाटी धरायचे.

"थोडं वर. नाही, इतकं टोकाला नको. नैसर्गिक वाटलं पाहिजे."

"बाबा, झाडाला शिवलेलं काही नैसर्गिक असतं का?"

"हळू बोल, बाई अंगणात आहेत."

अंजिराचा चीक बोटांना लागला की फार खाज सुटते. मुलगी एक पान शिवायची, हात खाजवायची, पुढचं पान घ्यायची. सुई फांदीत शिरली की तिथे पांढरा थेंब यायचा. पानाचा असेल, असं तिला वाटलं. बाबांना सांगावं असंही वाटलं, पण बाबा तेव्हा दोरा ओवत होते आणि त्यांची एकाग्रता मोडायची नव्हती.

शेवटचं पान लागलं तेव्हा उघड्या दारातून लांबून झाड खरंच छान दिसत होतं. बाबा मागे सरकत सरकत गेले, भिंतीला पाठ लागली तिथे थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मुलीच्या लक्षात आलं, पानं कुणी लावली हे ते क्षणभर विसरले आहेत.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दोरी, खुंट्या, कानामागे पेन्सिल. आई गळ्यात मोजपट्टी घालून त्याच्याबरोबर अंगणात आली. बाबा झाडाशेजारी उभे होते, लग्नात मुलीकडचे उभे असतात तसे.

आई चालता चालता थांबली. तिने दारातून पानं बघितली.

"आली की," ती म्हणाली.

एवढंच. गळ्यातली मोजपट्टी तिने काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण पायरीवर बसलेल्या मुलीला तिचा चेहरा दिसला, आणि काल आपण नुसती पानं शिवली नाहीत, तर आईची खोलीसुद्धा शिवून बंद केली, हे तिला कळलं. तिच्या बोटांची खाज एकदम वाढली.

"वहिनी, मग दोरी धरू की नको?" गवंड्याने विचारलं.

"नको. शब्द दिलाय मी." आई वळली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा झाडाकडे आली. "एवढं केलंत तर जवळून बघते तरी."

"लांबूनच छान दिसतंय," बाबा म्हणाले.

"आं?"

"म्हणजे, कोवळं आहे. तुझा श्वास लागेल त्याला."

आईने चष्मा लावला. एक पान दोन बोटांत धरलं. आणि मग तिने जे केलं ते तिने मुद्दाम केलं नाही. कुणीही कपडा हातात दिला की ती तेच करते. तिने पान उलटून आतली बाजू बघितली.



"ही शिलाई कुणाची?" आईने विचारलं.

"झाड आहे ते," बाबा म्हणाले.

"झाड गाठ मारत नाही, अहो. त्यातनं ही माझी गाठ आहे. दोन वेढे आणि एक आडवा. ही गाठ या घरात दोघींनाच येते, आणि मी काल बाजारात होते."

सगळ्यांनी पायरीकडे बघितलं. मुलीने पायांकडे बघितलं.

"दोन पानं उलटी पण लागलीत," गवंडी मदतीच्या आवाजात म्हणाला.

"आणि सगळी माझी आहेत," भिंतीवरून बाई म्हणाल्या. त्या कधीपासून तिथे होत्या कुणास ठाऊक. "तरी म्हटलं, कीड तपासायला एवढी पानं कशाला लागतात याला."

बाबांनी झाडाच्या खोडावरचा मफलर सोडला, घडी केली, खिशात घातला आणि गवंड्याला म्हणाले, "काढा. मेलंय ते. माझ्या हाताने गेलं. चांगलं ऊन आहे या भिंतीला, खोली छान होईल."

गवंड्याने कुदळ उचलली.

"थांबा," आई म्हणाली. ती अजून टाकेच बघत होती. "टाके चांगले घातलेत, तो भाग वेगळा. पण हे बघा." प्रत्येक टाक्याशी पांढरा सुकलेला ठिपका होता. आईने नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आतून ओलं, हिरवंगार दिसलं आणि चिकाचा टपोरा थेंब वर आला. "मेलेल्याला सुई टोचली तर काही निघत नाही."

बाबा थेंबाकडे बघत राहिले. बाईंनी भिंतीवरून मान लांब केली.

"अरे, जिवंत आहे की! टोकापर्यंत जिवंत आहे. थंडीतनं वाचवलंस तू त्याला. उठवायला तेवढा विसरलास."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा बाईंकडून पास झाल्यासारखं वाटलं असावं. पण लगेच त्यांना करार आठवला. "पानं नाहीत पण," ते म्हणाले. "ठरलं होतं ते ठरलं होतं. तू खोली बांध."

आई झाडाला वळसा घालून त्या पॅनेलांच्या खोलीत फिरली. दार लावलं, उघडलं. भिंतीवर हात फिरवला आणि हात बघितला. कोरडा होता. मग तिने मोजपट्टी उलगडली आणि लांबी घेतली, रुंदी घेतली, दाराची उंची घेतली. आतून तिचा आवाज दबका दबका आला.

"अहो, ही भिंत बाहेरची थंडी आत येऊ देत नाही ना?"

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. या प्रश्नावर ते कुठल्याही दुःखात उत्तर देऊ शकतात.

"आणि ओल?"

"ओल? फोम आहे वीतभर! वर पत्रा! ओलीची काय बिशाद—"

"मग हीच उचलून सावलीच्या भिंतीला लावा," आई म्हणाली. "मशीन इथे, इस्त्रीचं टेबल तिथे. झाडाला त्याची भिंत ठेवा."

गवंड्याने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा ठेवली. त्याचं निम्मं काम गेलं होतं, पण खाली ओटा घालायचं मिळालं, आणि खिडकी पाडायचं. मुलीला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. पण बाबा झाडावरची पानं एकेक करून उसवत होते, आईच्या लहान कात्रीने, फार जपून. उसवलेली पानं त्यांनी वाटीत घालून बाईंना परत केली. बाईंनी ती घेतली.

आईने दोन अटी घातल्या. एक म्हणजे झाडाची निगा यापुढे बाई सांगतील तशी, गोणपाट, पालापाचोळा, बादलीसकट. दुसरी मुलीसाठी होती, तिचं पुढे येईल.

झाडाला उशिरा का होईना, वसंत आल्याचं कळलं. खोली उचलल्यावर उन्हात फांद्यांवरचे किडेही दिसायला लागले. बाबांनी किड्यांना बाहेर ठेवायला जी खोली बांधली होती, तिच्यातच किड्यांनी सगळा हिवाळा आरामात काढला होता. आईने जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन ते घासून काढले. बाबांनी मुंग्यांसाठी खोडाला चिकट पट्टी बांधली आणि पहिल्याच दिवशी तिला स्वतःची बाही चिकटवून घेतली. पानं फुटली. खरी, वरच्या फांद्यांना, कुणी न शिवता. बाबा कामावरून आले की खुर्ची घेऊन झाडासमोर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, काही नाही, बघतोय.

आणि फळं धरली. पिकली. बाबांनी पक्ष्यांसाठी जाळी लावली. पहिलं अंजीर त्यांनी आईला दिलं, दुसरं भिंतीवरून बाईंना. बाईंनी चावून बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं आहे." बाबा ते वाक्य दिवसभर घरात घोळवत फिरत होते.

आईची खोली फार छान झाली आहे. मी आता तिथेच बसून लिहिते आहे, कारण तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही. हिवाळा जवळ आला आहे. बाईंनी गोणपाट काढून ठेवलं आहे. पण बाबांना गोणपाट पटत नाही, हे काल जेवताना माझ्या लक्षात आलं. गोणपाट ढगळ बसतं म्हणाले. फांदीफांदीला वेगळी बाही, आत कापूस, पुढून बटणं, असा अंगासरसा कोट का असू नये, असं त्यांनी विचारलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचा प्रश्न पाण्याबरोबर गिळला.

आईची दुसरी अट हीच की मी पुन्हा झाडाला सुई लावायची नाही. मी तसा शब्द दिला आहे आणि तो मी पाळणार आहे. आता दारावर टकटक होते आहे. काचेपलीकडे बाबा आहेत. गळ्यात आईची मोजपट्टी, काखेत कापसाची गादी. दार फटभर उघडून ते म्हणताहेत, "अगं ए, जरा ये ना बाहेर. बाहीचं माप खांद्यापासून घ्यायचं की बुंध्यापासून?" मी ठाम नाही म्हणून सांगणार आहे. एक तर मी शब्द दिलेला आहे. आणि दुसरं म्हणजे माप बुंध्यापासून घेतलं तर बाही टोकाला आखूड पडेल. ते घ्यायचं फांदी जिथे फुटते तिथून, आणि वर शिलाईला निदान दोन बोटं

"अगं, येतेस ना? आई यायच्या आत!"

आले, आले. तर दोन बोटं जास्तीची ठेवून मग